बास गिटार आणि माझं डावं मनगट

गिटारला सहा तारा असतात आणि बास गिटारला चार. म्हणजे बास गिटार वाजवायला एक तृतीयांश सोपी, असं माझं प्रामाणिक मत होतं. हे मत मी घरात मोठ्याने बोलून दाखवलं आणि तिथेच माझी वाट लागली.

झालं होतं असं, की आमच्या ऋचाचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी मुलुंडच्याच एका हॉलमध्ये 'संगीत'. (आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी फक्त आचाऱ्याशी भांडण होतं. आता संगीत असतं.) त्यात ऋचाला आपला कॉलेजातला बँड पुन्हा जमवून, तिने स्वतः लिहिलेलं एक गाणं म्हणायचं होतं. घर सोडून निघालेल्या मुलीचं गाणं. सगळे जमले, पण बास वाजवणारा मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेलेला.

"बाबा, बासशिवाय ते गाणं पोकळ वाटतं रे," ऋचा रडवेली होऊन म्हणाली.

"मग मी वाजवतो की!"

माझी बायको सुनंदा मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. "अहो, तुम्ही?"

"त्यात काय? चारच तर तारा!"

सुनंदा पुढे काही बोलणार, तेवढ्यात ऋचाने मला घट्ट मिठी मारली. "बाबा, खरंच? माझ्या गाण्यात तू?" आता अशा मिठीनंतर कुठला बाप माघार घेईल?

ऋचाच्या मित्राने गिटार आणून दिली. वजनाला ती साधारण तांदळाच्या गोणीएवढी, लांबीला माडाच्या झावळीएवढी, आणि तारा कपडे वाळत घालायच्या दोरीएवढ्या जाडीच्या! पण माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. बास वाजवणारी माणसं गिटार पार गुडघ्याजवळ लटकवतात आणि जगाशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा करून उभी राहतात. तसा चेहरा मला जमेना (आरशात तो पित्त झाल्यासारखा दिसायचा), म्हणून निदान लटकवणं तरी जमवलं. पट्टा सैल केला, सैल केला, इतका सैल केला की तारांपर्यंत पोचायला डावं मनगट पार दुमडावं लागायला लागलं. पण रुबाब? झकास!

आठवड्याभरात त्या मनगटाने संप पुकारला. सकाळी नळ फिरवता येईना, शर्टाचं बटण लागेना.

आमची आई मूळची मालवणची. तिने माझा हात उलटासुलटा करून पाहिला.

"झिला, ह्या वयात ह्या गिटारीचा खूळ तुका खयसून सुचला? तुझ्या बापाशीन जलमभर नारळ सोलले, त्याचो हात कधी दुखाक नाय!"

"अगं आई, बाबा नारळ सोलताना त्यातून सूर काढत होते का?"

"तू तरी खय काढतंस?" आई म्हणाली आणि आंबेहळदीचा लेप थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत पिवळा झालेला हात घेऊन मी ऑफिसात गेलो. "साहेब, हळद मुलीची होती ना?" सगळं ऑफिस दिवसभर हेच विचारत होतं.

मग अवतरला माझा मेहुणा शेखर. राहतो घाटकोपरला, जातो जिमला, आणि न विचारता सल्ला देतो. "दाजी, ज्याने दुखतं त्यानेच बरं होतं. आणखी जोरात दाबा तारा! मनगट तयार होईल." मी ऐकलं. (शेखरचं ऐकायचं नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. तरी दर वेळी ऐकतो.) चार दिवस दात-ओठ खाऊन तारा दाबल्या. मनगट तयार झालं, पण कायमचं रजेवर जायला!

त्यातच व्याह्यांकडे बोलणी करायला जायचं होतं. विहीणबाईंनी चहा पुढे केला. माझ्या उजव्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता, म्हणून कपबशी डाव्या हाताने घेतली. मनगटातून कळ आली आणि तो कपभर चहा व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर!

"अरे अरे! हाताला काय झालंय तुमच्या?" व्याह्यांनी लेंगा झटकत, पण काळजीने विचारलं.

"बास!" सुनंदा म्हणाली.

व्याही दचकले. "बरं, बरं. नाही विचारत."

"नाही हो, तसं नव्हे. बासमुळे दुखतोय."

"कुणी 'बास' म्हटलं म्हणून हात कसा दुखेल?"

यावर मी बसल्याबसल्याच हवेत गिटार वाजवून दाखवली. विहीणबाई जरा मागे सरकल्या. आपण मुलगा कुठल्या घरात देतोय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला.

घरी परतताना सुनंदा रिक्षात एवढंच म्हणाली, "उद्या फिजिओथेरपिस्टकडे जायचं. आणि शेखरला सांगायचं नाही."

फिजिओथेरपिस्ट म्हणजे ऋचाच्याच वयाची एक मुलगी. "काका, कसं वाजवता ते दाखवा," म्हणत तिने कोपऱ्यातली लांब छत्री माझ्या हातात दिली. मी उभा राहिलो, छत्री गुडघ्याजवळ नेली आणि तो चेहराही केला.

"काका, पोटात दुखतंय का?"

"नाही, तो चेहरा आहे."

"तो राहू दे. मनगट बघा." तिने माझं मनगट धरून मलाच दाखवलं. "पाण्याचा पाइप असा दुमडला तर पाणी जाईल का? मनगट सरळ पाहिजे. पट्टा आखूड करा. बसून वाजवताना गिटार जिथे असते, तिथेच उभं राहिल्यावरही यायला हवी. आणि अंगठा एवढा का दाबताय? तुम्ही गिटार वाजवत नाही, तिचा गळा आवळताय!"

"दाबलं नाही तर सूर येत नाही ना."

"बोट हलकं, दांडीवरच्या धातूच्या पट्टीजवळ ठेवा, येतो. आधी बोटं जरा मोकळी करा, थोडं वाजवलं की थांबा. आणि दुखायला लागलं, तर लगेच बंद. दुखणं म्हणजे प्रगती नव्हे, काका."

तिने आधी आठवडाभर गिटारला हात लावू दिला नाही. मग पट्टा आखूड केला, तर गिटार थेट छातीशी आली. आईने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आता कसा बरा दिसता! नातवाक घेतलेल्या आजयेसारखो!"

रुबाब गेला, पण दुखणंही गेलं. रोज ऑफिसातून आलो की मी आणि ऋचा गॅलरीत बसायचो. ती गुणगुणायची, मी माझे मोजके सूर धरायचो. एकदा ती मधेच थांबून म्हणाली, "बाबा, हे आधीच सुरू करायला हवं होतं ना आपण?" मी मान हलवली आणि पुन्हा पहिला सूर धरला.

संगीताच्या दिवशी मनगट ठणठणीत होतं. इतक्यात स्टेजमागे शेखर आला. त्याच्या हातात हिरव्या मलमाची बाटली.

"दाजी, नुसती खबरदारी! दुबईचं आहे."

"दुखत नाहीये रे."

"दुखू नये म्हणूनच तर!"

मी पुन्हा ऐकलं. सढळ हाताने मनगटभर, तळहातभर मलम चोळलं आणि स्टेजवर गेलो.

पहिलं कडवं फार सुंदर झालं. मनगट सरळ, अंगठा हलका. पण वर दिव्यांचा उकाडा. कपाळावरून घामाचा थेंब ओघळला आणि गाण्यात मला जरा विसावा होता, तेवढ्यात मी तो मनगटाने पुसला. डाव्या!

दोन्ही डोळ्यांत वणवा पेटला. घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसावं तर पुन्हा तोच हात! ऋचाने वळून पाहिलं. आपला बाप गिटार छातीशी धरून ढसाढसा रडतोय! तिचा आवाज चिरला. ते पाहून सुनंदाने डोळ्यांना पदर लावला, विहीणबाईंनी रुमाल काढला, आणि व्याही तर हुंदके देऊ लागले. पहिल्या रांगेतून आई ओरडली, "गप रे झिला, रडा नको! मुलुंडातल्या मुलुंडात तर चल्ली ती!"

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. ऋचा धावत येऊन बिलगली. "बाबा, तू इतका रडशील असं वाटलं नव्हतं रे." मला भरून आलं आणि मी मायेने तिचे डोळे पुसले. कुठल्या हाताने, ते सांगायला नको.

"आई गंऽऽ!" ऋचा किंचाळली आणि तोंड झाकून बाथरूमकडे पळाली.

नवरा मुलगा पांढराफटक पडून माझ्याजवळ आला. "बाबा, एक खरं सांगा. तिला हे लग्न करायचंय ना?"

"करायचंय रे बाबा! मलम आहे ते!"

"मलम?"

मी त्याला पटावं म्हणून मनगट त्याच्या नाकाशी नेलं. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. अखेर सुनंदाने बेसिनपाशी एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला जावई असे दोघांचे डोळे धुतले. पाच मिनिटांनी दोघं लालबुंद डोळ्यांनी खोखो हसत बाहेर आली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"पण बाबा," ऋचा नाक पुसत म्हणाली, "गाण्यात तू एकदाही चुकला नाहीस हं!"

"चुकायला आधी वाजवावं लागतं, बाळा. पहिल्या कडव्यानंतर मला तार कुठे आणि बोट कुठे, तेच दिसत नव्हतं."

"म्हणजे तू वाजवतच नव्हतास? कुणाला कळलंसुद्धा नाही!"

कलावंताच्या आयुष्यात याहून मोठी दाद असेल, असं मला वाटलं नव्हतं. पण ती मिळाली जेवणाच्या पंगतीत. व्याह्यांकडच्या एक मावशी ताट घेऊन मुद्दाम माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते.

"फार भिडलं हो! पुढच्या महिन्यात बोरिवलीला आमच्या धाकटीचं लग्न आहे. तुम्ही याल ना?"

मी नम्रपणे मान झुकवली. "जरूर. मनगट बरं असलं तर नक्की वाजवेन."

"छे, छे, मनगटाला कशाला त्रास?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही नुसते रडायला या. गिटार नाही आणलीत तरी चालेल!"