जर्मन बिल्ले आणि तात्यांचा निकाल

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस दिवसभर गप्प असतो, म्हणून लोक त्याच्यापाशीच बोलायला येतात. किस्से तिथे न मागता साठतात. शहापूरच्या बाजारातले आमचे तात्या त्यातलेच. मी भातसानगरला धरणावर क्लार्क. रविवारी त्यांच्या दुकानातलं स्टूल माझं.

नव्वदच्या दशकात तात्यांना एक विचित्र नाद लागला. जुनी जर्मन लष्करी पदकं! आमच्या भागातले काही जण दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत लढून आले होते. येताना शत्रूची पदकं आणली. म्हातारे एकेक करून गेले, तशी ती ट्रंकांतून बाहेर यायला लागली. खरं की खोटं, ते विचारायला लोक तात्यांकडे! त्यांच्याकडे भिंग, लोहचुंबक आणि एक जाडजूड इंग्रजी कॅटलॉग.

मुरबाडच्या एका व्यापाऱ्याने बारा क्रॉस आणले, म्हणजे शौर्यासाठी मिळणारी फुलीच्या आकाराची पदकं. सगळे चकचकीत. खऱ्या क्रॉसचा गाभा लोखंडी असतो. चुंबकाला यातला एकही चिकटला नाही. तात्या म्हणाले, "बारा जर्मन एकाच साच्यातून शूर झाले होय!"

व्यापारी हसला नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवले होते, म्हणाला.

पण त्याच चुंबकाने तात्यांना फसवलंही. आटगावचा एक शेतकरी वडिलांचा क्रॉस घेऊन आला. चिकटला नाही. "खोटा," तात्या म्हणाले. वर्षभराने कॅटलॉग चाळताना त्यांना दिसलं, की काही थोड्या क्रॉसचा गाभा पितळेचा असायचा. फार दुर्मिळ! तात्या दुकान बंद करून तडक आटगावला. मीही बरोबर.

"तुमीच बोल्ला ना खोटा म्हनून!" शेतकरी म्हणाला. "कडंची चांदी सोनाराकडनं काढून घेतली."

त्याच्या बायकोने लाजत पाऊल पुढे केलं. बोटात नवी जोडवी.

तात्यांनी वाकून जोडवी पाहिली. मग म्हणाले, "छान आहेत." वडिलांची तेवढी एकच वस्तू घरात होती, हे निघताना कळलं.

एकदा एक म्हातारी काळा बिल्ला घेऊन आली. त्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर स्वस्तिक. आणि स्वस्तिक दिसलं म्हणून वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात! हळदकुंकवाचा थर नुसता. तात्यांनी हळूच पुसून मागची बाजू पाहिली. पातळ पत्रा, मागून पोकळ, रंग जुना. अस्सल.

"आजी, हा देवाचा नाही. लढाईत जखम झाली की जर्मन सैनिकाला हा मिळायचा."

"जखमेचा बिल्ला?" म्हातारी विचारात पडली. "आमच्या मानसाला कुनी असं दिलं असतं, तर छाती पुरली नसती रं बाबा!"

आम्ही हसलो. तिने बिल्ला परत कुंकवाच्या फडक्यात बांधला आणि गेली.

सिद्धगडाच्या पायथ्याकडचे एक बाबा मात्र एकटेच एसटीने आले. ऐंशीच्या घरातले, ताठ. रुमालाची गाठ सोडून क्रॉस काउंटरवर ठेवला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "खरा आहे ना?" बाबांनी विचारलं, "खोटा हाय ना?"

तात्यांनी मान वर केली.

"घरी सांगत आलो, इटलीच्या बाजारातनं इकत घेतला," बाबा म्हणाले. "पन मदीच एक चेहरा दिसतो. गोरा, कवळा. नाल्यात पडलेला. मग वाटतं, ह्या हातानं मारला, न् त्याच्या छातीवरनं ह्यो काढला. बाजार खरा का नाला खरा, आता मलाच कळत नाय. खोटा निघाला, तर बाजारातला. मग मी सुटलो."

तात्यांनी चुंबक लावला. टक्कन चिकटला. भिंगातून कडेचा सांधा पाहिला, मागची पिन पाहिली. तीन भाग, जोडकाम जुनं. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. खराच होता.

गिऱ्हाईक रडो की भांडो, तात्यांनी कधी निकाल बदलला नव्हता.

"खोटा आहे बाबा," ते म्हणाले. "असे पोतंभर विकायचे तिकडे."

"नक्की?"

"नक्की."

बाबांचे खांदे सैल झाले. दोन्ही हात जोडले, क्रॉस रुमालात बांधला, पायरी उतरले. चार पावलं गेले आणि परत फिरले. दारात उभं राहून अगदी साधेपणानं विचारलं,

"मग तात्या, त्यो चेहरा कोनाचा?"