टॉवेल कधी वाळला?

इस्त्रीवाल्या काकूंना दमा होता आणि त्यांची थोरली बहीण डोंगरावरच्या गावात राहत होती. या दोन गोष्टींचं आपसात कधी जमलं नाही. मागच्या खेपेला काकू ऐन थंडीत गेल्या, तर तिथल्या ओल्या हवेने तिसऱ्याच दिवशी श्वास कोंडला आणि दवाखान्यातूनच परतावं लागलं. बहिणीचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे तिचं खाली येणं शक्यच नव्हतं.

पण काकू हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. हवामान खात्यापेक्षा त्यांचा कपड्यांवर जास्त विश्वास. रोज दुपारी फोन आणि एकच प्रश्न, "ताई, आज टॉवेल कधी वाळला?"

"अगं, कधीतरी माझीही चौकशी कर की!"

"तुझी तब्येत आवाजावरून कळते. टॉवेलचं सांग."

उत्तर दुकानातल्या कॅलेंडरवर लिहिलं जाई. दोन वर्षांत काकूंना हवे ते दिवस सापडले. थंडी सरल्यावर तीन आठवडे तिथे टॉवेल जेवणाच्या आत वाळत होता. नेमका तोच दुकानातल्या गर्दीचा काळ.

"त्यापेक्षा उन्हाळ्यात जा की निवांत," नवरा म्हणाला.

"उन्हाळ्यात तिथे धुकं उतरतं. टॉवेल दोन-दोन दिवस ओला राहतो." काकूंनी गरम इस्त्री त्याच्या हातात दिली. "आधी कॉलर, मग बाह्या."

डोंगरावर ताई दारातच हात पसरून उभी होती. काकू तिला वळसा घालून थेट दोरीपाशी गेल्या आणि टॉवेल चाचपला.

"वाळलाय गं बाई," ताई ओरडली, "आता तरी इकडे ये!"

काकूंनी छातीभर श्वास घेतला आणि ताईच्या मिठीत शिरल्या.