शिळफाट्याचं माहेर आणि गेमची वर्गणी

"पोरी, आधी ही वर्गणी बंद कर. चौकशी काय ती मागनं कर," रघुनाथमामांनी मोबाइल माझ्या टेबलावर आपटला.

मामांची कर्जतला भाताची गिरणी आहे. मी कर्जतमधल्याच ग्राहक मदत केंद्रात काम करते. वस्तू खराब निघाली, बिल फुगलं, पैसे अडकले की लोक आमच्याकडे येतात. मामांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज होता. एका गेम कंपनीनं त्यांच्या कार्डावरून पैसे कापले होते. मामांच्या मुलानं, अमोलनं, लग्नानंतर बायकोसाठी गेमिंग कन्सोल घेतला. म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा. वर्गणीला कार्ड मात्र बापाचं लावून ठेवलं.

माझं डोकंच तापलं. या धंद्याची रीत बघा. डबा तुम्ही विकत घ्यायचा. गेम विकत घ्यायचा. इंटरनेटचं बिल तुम्हीच भरायचं. आणि इतकं सगळं झाल्यावर, दुसऱ्या घरातल्या माणसाशी खेळायचं म्हटलं की कंपनी हात पुढे करते, सबस्क्रिप्शन भरा! आपल्याच उंबऱ्यावर टोलनाका. एकट्यानं खेळायला ही वर्गणी लागत नाही. जे गेम मुळात फुकट असतात, त्यांना बहुतेक वेळा ऑनलाइनही लागत नाही. पण हे दुकानात कोण सांगतो? वर ऑटो-रिन्यूअल असतंच. मुदत संपली की न विचारता पुढची वर्गणी कापून मोकळे.

मी लगेच पत्रकाचा मथळा लिहायला घेतला: 'खेळ तुमचा, लूट कंपनीची!'

आमच्या प्रमुख देसाई मॅडम मागून वाचत होत्या. "लूट कुठे आहे यात?"

"न विचारता कापलेत, मॅडम."

"अटी त्यांच्या मुलानं मान्य केल्यात."

"मुंगीएवढ्या अक्षरातल्या!"

"मग अक्षरांवर लिही. आधी सांग, त्या घरात खेळतं कोण?"

मी मामांकडे बघितलं.

"सून," मामा म्हणाले.

"कोणाशी?"

"टीव्हीशी. रोज संध्याकाळी वरडत असते त्याच्यावर."

मॅडमनी मला मामांबरोबर घरी जाऊन बघायला सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा मामी, म्हणजे सुनेच्या सासूबाई, ओट्यावर वाल सोलत होत्या. आत सून, प्राजक्ता, पतसंस्थेतून येऊन टीव्हीसमोर बसलेली. मामा दारात चपला काढतायत, तेवढ्यात टीव्हीतून एका मुलीचा आवाज कडाडला: "ताई, म्हातारा आला बघ! डोकं फिरलंय त्याचं. काहीतरी खायला घाल, म्हणजे गप बसेल!"

मामा एका चपलेवर थबकले. "हिला कसं दिसलं मी आलेलं?"

"अहो मामा, तुम्ही नाही! गिऱ्हाईक! गिऱ्हाईक आलंय!" प्राजक्ताला हसू आवरेना. ओट्यावरून सासूबाईंचंही हसू ऐकू आलं.

गेम हॉटेल चालवायचा होता. दोघींनी मिळून भाज्या चिरायच्या, भात लावायचा, गिऱ्हाईक चिडायच्या आत ताट पोचवायचं. तो आवाज प्रणालीचा, प्राजक्ताच्या धाकट्या बहिणीचा. ती खोपोलीजवळ शिळफाट्याला, माहेरच्या घरी. प्राजक्ताचा जुना कन्सोल तिच्याकडे, आणि तिकडची वर्गणी प्रणाली स्वतः भरते.

मी सेटिंग्ज उघडली. वर्गणीचे तीन प्रकार होते. अमोलनं ऑफर बघून सगळ्यात महागडा घेतलेला. त्यात शेकडो गेमचं कपाट मिळतं, पण वर्गणी आहे तोवरच. थांबलात की कपाटाला कुलूप.

"यातले किती खेळतेस?"

"वेळ कुठाय? हा एकच. तोही विकत घेतलेला आहे."

"मग बंदच कर," मी ठणकावून सांगितलं. "बहिणीशी नुसतं बोलायला यातलं काहीच लागत नाही."

मामांना जोर चढला. "ऐकलंस? फोन कर की! आन् शिळफाटा काय दुबईला हाय? खोपोलीची गाडी पकड, जाऊन ये."

प्राजक्तानं कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"फोनवर भांडता येत नाही, मामा."

"आँ?"

"फोनवर ती म्हणते सगळं बरं आहे, मी म्हणते सगळं बरं आहे. झालं बोलणं. इथं ती माझा भात करपवते, मी तिला शिव्या घालते, ती मला आळशी म्हणते. घरी आम्ही अशाच होतो. हे बंद केलंत तर ती माझ्याशी पाहुणीसारखं बोलायला लागेल."

याचं पत्रक कसं लिहायचं? कंपनीवर तोंडसुख घेणं सोपं असतं.

सासूबाई वालाची परात घेऊन आत आल्या. "आन् गाडी पकड कसलं सांगताव? गेल्या महिन्यात निघाली तं तुमीच बोललाव, आताच तं गेलती. माजं म्हायेर नदीच्या पल्याड. हितनं घराची कौलं दिसायची. जवळ हाय, कवापण जाशील, असं सगळी बोलायची. ते कवापण काय आलंच नाय."

तेवढ्यात टीव्ही पुन्हा ओरडला: "ताई! मेलीस का? भात जळतोय!"

"अगं, उचल की तो भात!" मामाच म्हणाले. जन्म भातात गेलेल्या माणसाला तो जळताना बघवेना.

मी हिशेब पुन्हा मांडला. दुसऱ्या घरातल्या माणसाशी खेळण्याची सोय सगळ्यात खालच्या वर्गणीतही होती. पुढच्या मुदतीपासून ती लावली. महागडीचं ऑटो-रिन्यूअल बंद केलं. मामांचं कार्ड काढलं आणि प्राजक्तानं स्वतःचं जोडलं. कापलेले पैसे काही परत आले नाहीत. मी तीन कडक मेल पाठवल्या, कंपनीनं तीन गोड उत्तरं पाठवली. अटींच्या बारीक अक्षरांवरचं पत्रक मात्र मी काढलंच.

पुढे मामा एकदा केंद्रात आले, तेही तक्रार घेऊनच. "ती शिळफाट्याची पोर मला खेळात नुसता कांदा चिरायला लावते. गॅसजवळ उभं करत नाय. ह्याची तक्रार लिवून घेता का?"

आम्ही नाही घेतली. तो घरगुती मामला आहे.

आता कोणी विचारलं, गेमची वर्गणी परवडते का, तर मी दर सांगत बसत नाही. आधी एक महिना ती बंद ठेवून बघायला सांगते. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, तर कार्ड काढून घ्या. कोणी गप्प गप्प राहायला लागलं, तर खालचीच घ्या. महागडी घ्यायची गरज फक्त कंपनीला असते.