दोन फुटांवरचा चेंडू

कोलमन डिवेनची गोल्फच्या काठ्यांची बॅग मी सतरा वर्षं वाहिली. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय तो त्याच्यामुळेच, आणि हे मी त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो.

कोलमन आमच्या ड्रमशी गावचाच. बाप गोल्फच्या मैदानावरचं गवत कापायचा. घर तिसऱ्या भोकाच्या मागे, वाळूच्या टेकडीला टेकून. तिथला वारा माणसाला नीट उभं राहू देत नाही, म्हणून पोरगं चेंडू जमिनीलगत मारायला शिकलं. मोठेपणी स्वित्झर्लंडमध्ये पान हलत नसतानाही हा तसाच मारायचा आणि लोक हसायचे. एकदा पोर्तुगालमध्ये वादळ सुटलं, तेव्हा हसणारे सगळे झुडपांत चेंडू शोधत बसले आणि हा जिंकला. आयुष्यात तेवढीच एक मोठी स्पर्धा. बक्षिसाच्या चांदीच्या तबकात त्याची बायको यूना आता बटाट्याची सालं टाकते.

बाकीची वर्षं ओढाताणीची. सोमवारी विमानतळ, शुक्रवारी स्पर्धेतून बाहेर, पुन्हा विमानतळ. पुढच्या वर्षी खेळायचं तर कार्ड लागतं, आणि कार्ड गेलं की ते परत मिळवायला चाचणी द्यावी लागते. कोलमन एक्केचाळीसचा असताना आम्ही स्पेनमध्ये अशाच चाचणीच्या शेवटच्या भोकापाशी पोचलो. चेंडू भोकापासून दोन फुटांवर. तो आत गेला की कार्ड हातात. कोलमननं चेंडूमागे पटरची काठी टेकवली आणि एकदम मागे सरला.

"बार्टली, चेंडू हलला."

मला काही दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं. मी हळूच म्हणालो, "कुणी पाहिलं नाही. मार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून पंचाला बोलावलं. तेव्हाच्या नियमानं काठी टेकवल्यावर चेंडू हलला की दंडाचा एक फटका वाढायचा. कार्ड त्या एका फटक्यानंच गेलं.

आम्ही गावी परतलो. कोलमन मैदानाच्या फाटकापाशी एका खोपटात बसू लागला. काठ्यांच्या मुठी बदलायच्या, शेतकऱ्यांना आणि पाद्रीबाबांना शिकवायचं. मी गवत कापू लागलो. स्पेनचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. मी जे बोललो त्याची मला लाज वाटायची. हा टीव्हीसमोर गप्प बसला की वाटायचं, तोच चेंडू आठवतोय याला. अशी बावीस वर्षं गेली.

मग जानेवारीत क्लबची सेक्रेटरी अट्रॅक्टा मलक्वीन हिनं नव्या नियमांचा कागद भिंतीवर लावला. भोकाभोवतीच्या हिरवळीवर चेंडू चुकून हलला तर दंड नाही, परत जागेवर ठेवावा. मी ते तीनदा वाचलं. कोलमन चहाला यायची वेळ झाली होती. मी कागद काढून खिशात कोंबला.

पण अट्रॅक्टाच्या नजरेतून काही सुटतं होय? कोलमनच्या देखत ती म्हणाली, "बार्टली, भिंतीवरचे कागद कधीपासून खायला लागलास?"

कोलमननं हात पुढे केला. मी खिशातून कागद काढून दिला. त्यानं चष्मा नाकावर ओढून वाचलं आणि बाकावर बसला.

"म्हणजे आज असतं तर दंड पडला नसता."

"नसता," मी म्हणालो.

तो हसायला लागला. "बरं झालं बाबा, हा नियम तेव्हा नव्हता."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अरे, दोन वर्षं मला घरी यायचं होतं. सांगणार कुणाला? तुझी भाकरी माझ्यावर. चेंडू हलला हे खरंच, पण पंचाला हाक मारताना इतकं हायसं वाटलं, की तुझ्याकडे बघवेना. तुझं काम घालवून मी खूश होतो. हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

मला राग आला. मग मीही मनातलं बोलून टाकलं. "मी तुला म्हणालो होतो, कुणी पाहिलं नाही."

"ऐकलं होतं. आणखी एकदा म्हणाला असतास, तर मारला असता मी. पण तू गप्प राहिलास. त्याबद्दल यूना तुला अजून दुवा देते."

छातीवरचा दगड उतरला माझ्या. चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, आता राहिलेलंही सांगून टाकावं.

"मला विमानात दर खेपेला ओकारी व्हायची."

"काय सांगतोस? सतरा वर्षं?"

"म्हणून तर मी मागच्या रांगेत बसायचो."

कोलमननं चष्मा काढला. "आणि मला वाटायचं, तुला माझ्या शेजारी बसायला आवडत नाही."

मी उठलो, कागद मांडीवर घासून सरळ केला आणि भिंतीवर होता तिथे परत लावला.