दाजींचं देवगांडूळ

आमच्या दाजींइतका कुचकामी प्राणिशास्त्रज्ञ उभ्या बदलापुरात झाला नाही. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, बिऱ्हाड कात्रपला, आणि डोक्यात अष्टौप्रहर बेडूक, सरडे नि खेकडे. कधीच नामशेष झालेल्या जनावरांसाठीही ते असे हळहळत, की शेजारीच मयत झालीये असं वाटावं. एकदा साखरपुड्याच्या पंगतीत त्यांनी नवरीच्या मामांना डोडो पक्षी कसा संपला ते सांगितलं. मामांच्या घशाखाली जिलबी उतरेना.

कॅमेऱ्याचे मोबाइल नवे होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात बिल्डिंगमागच्या पाणथळ प्लॉटवर, दगडाखाली, दाजींना देवगांडूळ सापडलं. दिसायला गांडूळ, पण बेडकाचं भाऊबंद. लोक साप समजून ठेचतात. ह्याचा पिवळा पट्टा पुस्तकातल्या कुठल्याच जातीशी जुळेना. दाजींची झोप उडाली. ताई म्हणाली, "पोरगा बारावी पास झाला तेव्हा नाही हो इतके नाचलात!"

फोटो बघून मुंबईचे एक संशोधक धावत आले. "नवीच जात दिसतेय! पण फोटोवर नाव देता येत नाही. नमुना लागतो, औषधात ठेवलेला."

"म्हणजे मारायचं?"

"एकच, हो."

झालं! दाजी रोज पंचशील म्हणणारे, आणि पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं. डासालासुद्धा "जा बाबा" म्हणून फुंकर घालणारा माणूस! म्हणाले, "सर, एखादं आपसूक मरेलच की. मग पाठवतो." सरांनी कपाळाला हात लावला.

तेव्हापासून दाजी रोज सकाळी बरणी घेऊन प्लॉटवर. "मेलं का?" मी विचारायचो. "छ्या! ठणठणीत आहेत सगळी," म्हणत ते रिकामी बरणी घेऊन खुशीत परत यायचे. काय करावं ह्या माणसाचं!

दिवाळीनंतर प्लॉटवर भरावाचे डंपर आले. दाजी आडवे गेले. ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, इधर है क्या? कीचडही तो है." दाजींना सांगता येईना. काय सांगणार? त्याला नावच नव्हतं.

पुढे त्यांनी पार अंबरनाथच्या शिवमंदिरामागच्या ओढ्यापर्यंत दगड उलथले. तसला पट्टा पुन्हा दिसला नाही.

"एक मारलं असतं," एकदा गॅलरीत मला म्हणाले, "तर निदान ते होतं, एवढं तरी कळलं असतं ना रे जगाला?"

"तुमच्या हातून झालं नसतं ते, दाजी."

"तेच तर," म्हणाले, आणि भरावाकडे पाठ करून बसले. मला फार वाईट वाटलं. मीही आपला तसाच बसलो, त्यांच्या शेजारी.