गेटवरची लाल गोटी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सातपूरच्या एका कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांचे, असं सांगतो. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि सगळा कारखाना त्यांना सुभेदार साहेब म्हणत असे. त्यांनी मला शिकवलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. दीड वर्ष दर रविवारी माझ्या जागी गेटवर उभं राहून त्यांनी मला शिकू दिलं.

मी पेठ तालुक्यातला. आश्रमशाळेत शिकलो आणि पुढे बी.ए. झालो. आमच्या घरात त्याआधी दहावीपर्यंतही कोणी पोहोचलं नव्हतं. बी.ए. झाल्यावर नोकरी मिळते असं आम्हाला वाटत होतं आणि ती मिळालीही, सिक्युरिटी गार्डची. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. सुभेदार साहेबांनी माझा अर्ज पाहून विचारलं, पदवीधर आहेस तर गार्ड का? मी म्हणालो, जागा गार्डचीच होती. हे उत्तर त्यांना पटलं.

वर्षभराने त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण माझ्यापुढे ठेवलं. शहरातल्या एका संस्थेने औद्योगिक सुरक्षा व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला होता. वर्ग फक्त रविवारी. मी ड्युटीची अडचण सांगितली. ते म्हणाले, रविवारी तसाही मी घरी बसून बायकोच्या कामात चुका काढतो, त्यापेक्षा गेट बरं.

वडिलांना सांगायला गावी गेलो, तेव्हा ते नागलीच्या शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून माळ्यावर राखणीला बसले होते.

"राखणीचं पन कालेज हाय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मंग परीक्षेला डुक्कर कोन सोडतो?"

परीक्षा लेखी असते, असं मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी नकोही म्हटलं नाही.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. त्यात दोन निवृत्त फौजदार होते. चोर कसा विचार करतो यावर सरांचं व्याख्यान चालू असताना ते दोघे डोळे मिटून ऐकत, आणि शेवटी एकमेकांकडे बघून मान हलवत. मी मात्र सगळं लिहून घेत असे. धोका वेगळा आणि जोखीम वेगळी, हे मला तिथे कळलं. तोपर्यंत मी दोन्हींना लफडं म्हणत होतो.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाने एका आस्थापनेच्या सुरक्षेची तपासणी करून प्रबंध लिहायचा होता, आणि त्यावर तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याची सही लागत होती. सही नसेल तर तोंडी परीक्षेला बसता येत नव्हतं. मी आमचंच गेट घेतलं, कारण मला दुसरं कुठलं गेट माहीत नव्हतं.

आमच्या गेटवर झडतीची एक पद्धत होती आणि ती सुभेदार साहेबांनी बसवली होती. पाळी सुटली की गार्ड कापडी पिशवी धरून उभा राहायचा. पिशवीत एकोणपन्नास पांढऱ्या गोट्या आणि एक लाल. बाहेर पडणाऱ्याने न बघता हात घालून एक काढायची. पांढरी निघाली तर जा. लाल निघाली तर केबिनमध्ये डबा, पिशवी, बूट, सगळं तपासून घ्यायचं. यात कोणाचा अपमान होत नाही, कोणाची वशिलेबाजी चालत नाही, असं साहेब पाहुण्यांना सांगत. पाहुणे पिशवीकडे आदराने बघत.

मी दोन महिने झडतीचं रजिस्टर उतरवून काढलं. लाल गोटी कोणाला निघाली? नव्या कंत्राटी मजुरांना, विम्याच्या एजंटला, कॅन्टीनच्या नव्या आचाऱ्याला, पुण्याहून आलेल्या ऑडिटरला दोनदा. कायम कामगार एकही नाही. मग मी मागची रजिस्टरं काढली. पाच वर्षांत एकही नाही.

टर्निंगच्या शॉपमध्ये लेथवर माझ्या ओळखीचे एक जुने कामगार होते. त्यांना मी हे विचारलं. ते मशीन पुसत होते.

"लाल गोटी पाव मिलिमीटर मोठी आहे," ते म्हणाले. "बोटाला पाव मिलिमीटर कळला नाही तर मला या मशीनवर कोण उभं करील?"

मूळची लाल गोटी पाच वर्षांपूर्वी हरवली होती आणि साहेबांनी द्वारका चौकाजवळच्या दुकानातून दुसरी आणली होती. कारखाना अचूक मापाचे भाग बनवत होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कामगार काही चोरत होते असंही नाही. भोंग्यानंतर दहा मिनिटांनी बस सुटायची आणि झडतीला पंधरा मिनिटं लागत, एवढंच कारण होतं. गार्डला फक्त पिशवी धरायची असते आणि साहेबांना पिशवीत हात घालावा लागत नाही, म्हणून आम्हालाच तेवढं माहीत नव्हतं.

अडचण अशी होती की साहेबांचं वय झालं होतं आणि त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही, हे मॅनेजर त्याच महिन्यात ठरवणार होते. साहेबांच्या धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. गोटी प्रबंधात लिहिली तर त्यांची जागा जाऊ शकत होती. न लिहिली तर गेटवर दिवे कमी आहेत, याशिवाय प्रबंधात काही उरत नव्हतं. मी लिहिलं. लिहिताना 'सुरक्षा अधिकाऱ्यांच्या हे लक्षात आले नसावे' असं लिहिलं, आणि प्रबंध त्यांच्या टेबलावर ठेवून जेवायला गेलो.

तीन दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गोट्यांची पिशवी टेबलावर होती. त्यांनी आत हात घातला आणि लाल गोटी काढली. परत टाकली, परत काढली. तिसऱ्यांदाही तीच निघाली.

"हे लिहायला किती दिवस लागले?"

"दोन महिने, साहेब."

"आणि मला सांगायला?"

त्यांनी पेन उघडून 'नसावे' खोडलं आणि वर 'नाही' लिहिलं. मग सही केली, शिक्का मारला, आणि एक जादा प्रत काढून आण म्हणाले. ती प्रत त्यांनी त्याच दुपारी स्वतः मॅनेजरकडे नेऊन दिली. मी देऊन येतो म्हणालो, तर म्हणाले, तू गेट सांभाळ.

मुदतवाढ तीन महिन्यांची मिळाली. कारण कोणी सांगितलं नाही. वयाचंही असेल. तीन महिन्यांनी ते निफाडकडे आपल्या गावी गेले. गेटवर बटण दाबायचं मशीन आलं, त्यावर कोणालाही, कधीही लाल दिवा लागतो. टर्निंगवाले काका मला म्हणाले, "भाऊ, तू पास झालास आणि आमची बस गेली."

निकाल लागल्यावर मी साहेबांना हे पत्र पाठवलं.

"ती. सुभेदार साहेब यांस, सा. न. वि. वि.

मी पहिल्या वर्गात पास झालो. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले की असा अहवाल तुमच्या अधिकाऱ्यांनी पुढे जाऊ कसा दिला. मी म्हणालो, त्यांनीच नेऊन दिला. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

मॅनेजर साहेबांनी काल मला बोलावून, आपण सोडलेल्या जागेवर बसशील का, असे विचारले. मी उत्तर दिलेले नाही. आपल्याला कळवण्याआधी देणे योग्य वाटले नाही. मला ती जागा हवी आहे, हेही कळवतो. लपवण्यात अर्थ नाही. आपण नको म्हणालात तर मी नाही म्हणून सांगेन.

गोटीबद्दल मी आपल्याला आधी सांगायला हवे होते. आपण रागावाल याची भीती नव्हती. आपण लिही म्हणाल याची होती, आणि मग दोष माझा एकट्याचा राहिला नसता, आपल्यावरही आला असता, असे तेव्हा वाटले. आता ते खरे वाटत नाही. मला फक्त धीर झाला नाही.

घरी बाईंना नमस्कार. ताईंच्या लग्नाचे ठरले की कळवावे. वाढण्याचे काम मला येते.

पदवी समारंभाचे दोन पास मिळाले आहेत. एक वडिलांना दिला. त्यांना खुर्चीत बसून भाषणे ऐकायची सवय नाही, शेजारी कोणी असले तर ते उठून जाणार नाहीत. दुसरा सोबत पाठवत आहे.

आपला आज्ञाधारक"