बाबांची टाकी नेमकी कुठून गळत होती

गेल्या रविवारी बाबांची मोटरसायकल भंगारात जाता जाता राहिली...

आमचं घर झाशीत. बाबा नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथल्या कारखान्यात आले आणि रिटायर झाल्यावरही इथेच राहिले. मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. गाडी माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे आणि लाड मात्र तिचे जास्त झालेत. रोज सकाळी पाइप लावून तिला आंघोळ असते.

तर झालं असं, की व्हरांड्यात पेट्रोलचा वास यायला लागला. सकाळी इंजिनावर ओला ओघळ आणि खाली फरशीवर डाग. भिंतीपलीकडे देवघर, तिथे आईची समई... आईने सरळ सांगून टाकलं, रविवारी कबाडी, म्हणजे भंगारवाला येईल, तोवर गळती थांबली नाही तर गाडी त्याच्या ठेल्यावर चढेल.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. दर शुक्रवारी आईला मागे बसवून लक्ष्मी तालाच्या, म्हणजे इथल्या तळ्याच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात न्यायचं, हा त्यांच्या आठवड्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. मागच्या वर्षी आईला पॅरालिसिसचा हलका झटका आला होता. त्यातून उठल्यावर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली, तीही याच गाडीवर.

बाबांचं निदान ठरलेलं होतं... कॉकचा वॉशर. टाकीखाली पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक असतो ना, त्याचा. त्यांनी वॉशर बदलला, गळती तशीच. पुन्हा बदलला, तरी तशीच. जन्मभर मशीन दुरुस्त केलेला माणूस एकाच वॉशरला धरून बसलाय, हे मला जरा विचित्रच वाटलं.

शनिवारी मी शाळेतून खडू आणले. आईला समई शांत करायला सांगितली, टाकीची खालची बाजू कोरडी पुसली आणि तिला खडूची पूड चोळली. पेट्रोल जिथून येईल तिथली पूड भिजून गडद दिसेल, एवढंच माझं डोकं.

थोड्या वेळाने बघितलं तर कॉकपाशी ओलं होतंच, पण ओली रेघ मागून येत होती... पार सीटच्या बाजूने, टाकीच्या जोडावरून घरंगळत. कॉक बिचारा उगाच बदनाम झाला होता.

बाबा म्हणाले, "असू दे गं, सोमवारी बघू." सोमवारी बघायला गाडी तरी असायला हवी... मी काही ऐकलं नाही. पेट्रोल डब्यात काढलं आणि टाकी सोडवली.

टाकी जिथे सांगाड्यावर टेकते तिथे एक घडी निघाली. गोधडीचा तुकडा होता, आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा, भिजून तपकिरी झालेला. टाके वेडेवाकडे... एक लांबलचक, एक इवलासा.

मी लगेच ओळखला. झटक्यानंतर डॉक्टरांनी आईच्या उजव्या हाताला काम द्यायला सांगितलं होतं. किती दिवस सुई हातातून पडायची तिच्या. टाकी खडखडते अशी बाबांची कुरकुर चालायची, म्हणून तिने सगळ्यात आधी शिवली ती ही घडी. बाबा रोज गाडी धूत राहिले, घडी ते पाणी धरून बसली आणि आधीच जुना झालेला पत्रा खालून गंजत गेला. बोट लावलं तर पापुद्राच निघाला.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. "शंका होती मला," हळूच म्हणाले. "पण घडी एकदा काढली असती तर परत कुठल्या तोंडाने बसवणार होतो... आणि तुझ्या आईला काय सांगणार होतो..."

मला रडूच आलं, खरं सांगते.

मग ई-रिक्षा केली. बाबा रिकामी टाकी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "टंकी कितै लै जा रए, चच्चा?" मी म्हटलं, डॉक्टरकडे. तो मानिक चौकापर्यंत हसत होता.

तिथल्या गल्लीत रईसभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. त्यांनी टाकी साबणाच्या पाण्याने वास जाईपर्यंत धुतली, गंज खरवडला आणि भोकावर पत्र्याचा तुकडा झाळून दिला. पाणी भरून तपासलं, थेंबही आला नाही. बाबांना म्हणाले, "अब कपड़ा मत रखिएगा अंकल जी, रबर लगाइए." बाबांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

रविवारी टाकी गच्चीवर उन्हात वाळवली. झाशीच्या उन्हाला आपण एरवी नावं ठेवतो, त्या दिवशी हात जोडले. दुपारी टाकी बसवली, पेट्रोल भरलं, पुन्हा खडू चोळला... पांढरा तो पांढराच राहिला. कबाडी आला, त्याला रद्दी देऊन वाटेला लावलं.

आईने विचारलं, "मग? कुठून गळत होती?"

"कॉकचा वॉशर," बाबा म्हणाले. पापणीही लवली नाही. खडूचे हात मागे घेऊन मीही म्हटलं, "हो, वॉशरच."

"आणि माझी घडी कुठाय?"

बाबा आत गेले आणि घडी घेऊन आले. स्वतः धुऊन, टाकीशेजारीच वाळत घातली होती म्हणे. "टाकीला आता रबर बसवलंय. ही तुझ्या सीटवर बांधतो. मागे टोचतं म्हणत होतीस ना..."

आईने घडी उलटी केली. गंजाचा डाग काही गेला नव्हता. त्यावरून तिने अंगठा फिरवला, बराच वेळ. मग बाबांकडे बघितलं. "घट्ट बांधा हं," एवढंच म्हणाली, "आणि गाडी धुताना काढून ठेवत जा."

आज शुक्रवार. सकाळी दोघं लक्ष्मी तालाला गेली, आई त्या घडीवर ऐटीत बसून. मी फाटकात उभी राहून बघत राहिले... महालक्ष्मी, ही गाडी अजून खूप वर्षं अशीच चालू दे.